जिनातले यंत्र आणि हातातले यंत्र



वसंत व्याख्यानमालेत बहुधा विद्वान बोलतात. आमचे शिक्षण परभणी, सेलू, मानवतच्या जिनांच्या फाटकांशी झाले; तेव्हा त्या शाळेत पाहिले तेवढेच सांगू.

कापसाच्या हंगामात जिनाचा खडखडाट आपण सर्वांनी ऐकला आहे. आत डोकावणारे थोडे. आत कातड्याचा एक रूळ फिरत असतो. त्याच्या खरबरीत अंगाला कापसाचे तंतू धरतात आणि त्याला टेकलेल्या स्थिर सुरीखालून पलीकडे ओढले जातात. सरकी जाड, तिला त्या फटीतून वाट नाही. ती अडते, आणि हलती सुरी तिला ठोसे देऊन खाली पाडते. क्विंटलभर कापसातून ३३ ते ३५ किलो रुई अशी वेगळी होते. ही युक्ती अमेरिकेत मॅकार्थी यांनी १८४० साली काढली. आम्ही प्रथम पत्रके वाटायला आत गेलो, तेव्हा तो रूळ पाहता पाहता पत्रके हातातच राहिली!

आता आपला स्वतःचा हात पाहा. तो खाली सोडा, म्हणजे मनगटामागची शीर फुगेल. तिच्यावर बोटांच्या बाजूला एक बोट दाबून ठेवा, दुसऱ्या बोटाने त्यातले रक्त कोपराकडे पुसत न्या आणि ते दुसरे बोट उचला. वरचे रक्त मध्ये असलेल्या पडद्यापाशी थांबेल, खाली परतणार नाही; शीर रिकामीच राहील. पहिले बोट उचलताच ती खालून भरेल. शिरांतली ही दारे एकाच बाजूला उघडतात. विल्यम हार्वे यांनी १६२८ च्या ग्रंथात हाच प्रयोग चित्रांनिशी दाखवून रक्ताभिसरण सिद्ध केले.

आणखी एक. मूठ मिटा, उघडा. हालचाल कोपराखाली दिसेल. बोटे ओढणारे मोठे स्नायू तेथे आहेत. बोटांपर्यंत येतात ते केवळ त्यांचे दोर, कळसूत्री बाहुलीसारखे.

हे आम्ही पुस्तकात नंतर वाचले, आधी एका सोबत्याच्या हातावर पाहिले. एका जिनात त्याची दोन बोटे गेली. पुढे मूठ मिटताना तो आम्हाला कोपराखाली हात लावायला सांगे. तेथे सगळे जसेच्या तसे हलत होते. ओढायला बोटे तेवढी नव्हती. १९४८ च्या कारखाने कायद्याने धोक्याच्या फिरत्या भागांना भक्कम आडोसा घालणे बंधनकारक केले होते. त्या यंत्राचा आडोसा, काम अडते म्हणून, काढून ठेवला होता. यंत्र दुसऱ्या दिवशी सुरू झाले.

यंत्राचा आम्हाला राग नाही; त्याचे कौतुक आजही ओसरलेले नाही. मागणे एवढेच, की रुळापाशी जितका वेळ थबकतो, तितकाच त्याला कापूस भरवणाऱ्या हातापाशी थबकावे. रुळाचे कातडे झिजले तर नवे बसते. या हाताची रचना ज्याने एकदा नीट पाहिली, त्याच्याने तो आडोसा काढवणार नाही, अशी आमची श्रद्धा आहे.