विहिरीचा झरा आणि तेलाचा कूप

भोर आणि वेल्हे या सह्याद्रीच्या कुशींतील मुलुखांत आषाढ-श्रावणांत ओढे दुथडी भरून वाहतात; पण चैत्र-वैशाखांत तेथल्याच डोंगरउतारांवरील वाड्यांना पाण्यासाठीं पायपीट करावी लागते. पाऊस उदंड असतां विहीर कोरडी कां पडते, याचें उत्तर आभाळांत नाहीं. जमिनीखालीं पाणी कसें वाहतें, यांत आहे.

या भागांतील खडक ज्वालामुखीच्या रसाचे थरांवर थर बसून झालेला आहे. अखंड काळा पाषाण पाण्यास जवळजवळ शिरूं देत नाहीं. पाणी सांठतें तें वरच्या मुरमांत, आणि वाहतें तें भेगांतून व दोन थरांमधील सांध्यांतून. म्हणूनच एका विहिरीस झरा लागतो व शेजारची कोरडी निघते. शिवाय उतार तीव्र असल्यामुळें मुरलेलें पाणीहि थोड्याच महिन्यांत ओढ्यांत निघून जातें.

या वाहण्याचा नियम फ्रान्समधील दिजों शहरीं हेन्री डार्सी या अभियंत्यानें 1856 सालीं वाळूच्या थरावर प्रयोग करून बसविला. थराच्या दोन टोकांमधील पाण्याचा दाब दुप्पट केला तर प्रवाह दुप्पट होतो. थराची लांबी दुप्पट केली तर तो निम्मा होतो. पुढें 1863 सालीं द्युप्वी यानें हा नियम विहिरीस लावला. त्या गणितांतील एक गोष्ट ऐकून शेतकऱ्यास नवल वाटेल. सर्वत्र सारख्या सच्छिद्र जमिनींत 12 फूट व्यासाची विहीर 24 फुटांची केली, आणि तिची ओढ मध्यापासून 600 फुटांपर्यंत पोहोंचत असली, तर बाजूनें येणारें पाणी अवघें शेंकडा 18 नें वाढतें. सांठवण चौपट होते. आवक होत नाहीं.

म्हणून कित्येक ठिकाणीं विहीर रुंद न करितां तिच्या पोटांत आडवें बोअर घेतात. तें नव्या भेगांना छेदून जातें. मुंबईच्या समुद्रांत 1974 सालीं सांपडलेल्या तेलक्षेत्रांतहि चुनखडीच्या थरांत असे आडवे कूप खोदले गेले आहेत. अशा कूपांत नळीच्या मुखाकडे ओढ अधिक व शेवटाकडे कमी असते. त्यामुळें तेलाखालचें पाणी मुखाजवळ आधीं वर चढतें आणि दूरचें तेल मागें राहतें. हें टाळण्यासाठीं अभियंते भूगर्भाचे असंख्य लहान खण कल्पितात. प्रत्येक खणांत किती आलें, किती गेलें, किती उरलें, याचा हिशेब संगणक मांडतो. आणि खडकांतील प्रवाह व नळींतील प्रवाह यांचा मेळ बसेपर्यंत तो पुनःपुन्हा सोडवितो. मग मुखाकडील वाटा अरुंद ठेवून ओढ सारखी करतां येते.

हाच जमाखर्च डोंगरांतल्या वाडीसहि लागू आहे. बोअर किंवा पंप नवें पाणी निर्माण करीत नाहीं. असलेलें लवकर ओढतो, आणि तीच भेग शेजाऱ्याच्या विहिरीसहि पाणी देत असते. जमेची बाजू भरतो तो पाऊसच. उतारावर समतल चर खणून तें पाणी मुरविणें, दोरी सोडून विहिरींतील पातळी वेळोवेळीं मोजणें आणि सर्वांनीं मिळून उपसा ठरविणें, एवढें केलें तर विहिरीचें पाणी उन्हाळ्यांत अधिक दिवस पुरेल.