स्वयंपाकघर किती दूर?



वास्तुशास्त्र हा माझा विषय नव्हे. आयुष्यभर मी अर्थशास्त्र शिकवले. परंतु समाज श्रमाला काय किंमत देतो, हे कधी कधी ग्रंथांपेक्षा घराच्या नकाशात अधिक स्पष्ट वाचता येते. इंग्लंडमधील जमीनदारांच्या ग्रामीण वाड्यांची स्वयंपाकघरे हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

केंटमधील पेन्सहर्स्ट प्लेस या वाड्याचे भोजनदालन 1341 च्या सुमाराचे. मधोमध उघडा अग्नी, वरच्या टोकाला चौथऱ्यावर धनी, खाली चाकरमाणसे. विषमता होतीच, पण जेवण एका छपराखाली होई आणि धूर सर्वांच्याच डोळ्यांत जाई.

सतराव्या शतकात रॉजर प्रॅट याने कोल्सहिल येथे मुदपाकखाना तळघरात नेला व नोकरांसाठी मागचे जिने बांधले. 1759 पासून उभारलेल्या केडल्स्टन हॉलमध्ये तर तो बाजूच्या स्वतंत्र इमारतीत गेला. मुख्य वाड्याशी त्याचा संबंध एका वक्र मार्गिकेपुरता उरला. तेथील चुलाण्यावर, काही वाया घालवू नका म्हणजे उणे पडणार नाही, असा उपदेश कोरलेला आहे. अन्नाची उधळण नको. नोकरांच्या पावलांची मात्र खुशाल व्हावी!

1864 मध्ये रॉबर्ट कर या वास्तुविशारदाने हे तत्त्व ग्रंथातच मांडले. कुटुंब हा एक समाज, नोकर हा दुसरा; दोघांच्या वाटा वेगळ्या असाव्यात. वास, धूर व आग ही दुराव्याची कारणे सांगितली जात, आणि ती खोटी नव्हती. लॅनहायड्रॉकचा वाडा 1881 मध्ये आगीत जळालाच. परंतु वास दूर ठेवण्यासाठी ताट वाहणाऱ्या माणसाला अदृश्य करण्याचे कारण नव्हते.

हे अंतर परवडले, कारण ते चालणारे पाय स्वस्त होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे घरकामगारांची संख्या दहा लाखांहून अधिक होती. त्यांत बहुसंख्य स्त्रिया. श्रम वाचविण्याचे ज्ञान नव्हते असे नाही. क्रॅगसाइड येथे पाण्याच्या शक्तीवर मांस भाजण्याची सळई फिरे. तरीही अशी घरे अपवादच राहिली. 1914 नंतर स्त्रियांना कारखान्यांत व कचेऱ्यांत काम मिळू लागले, मोलकरणी दुर्मिळ झाल्या, आणि स्वयंपाकघर हळूहळू जेवणघराजवळ आले. मालकांना पश्चात्ताप झाला म्हणून नव्हे. राबणाऱ्या स्त्रीला दुसरे दार उघडले म्हणून.

आज यांतील अनेक स्वयंपाकघरे प्रवाशांना दाखविली जातात. तांब्याची भांडी लखलखत असतात. कार्यकर्त्याने तेथे एवढेच विचारावे: ही भांडी कोणी घासली, आणि ती कोणत्या जिन्याने वर जात असे?