कानांतली बाळी आणि पुरुषाचा पोशाख



पुरुषांच्या पोशाखावर बोलावयाचें म्हणजे पगडी, अंगरखा, उपरणें यांपासून आरंभ करण्याचा प्रघात आहे. मी कानापासून करणार आहें. पुरुषाला काय शोभतें आणि काय शोभत नाहीं याविषयींचे वाद कानाच्या पाळीवर जितके झाले तितके दुसऱ्या कोणत्याहि अवयवावर क्वचितच झाले असतील. आणि त्यांतला एक वाद आमच्या रत्नागिरी जिल्ह्यांतल्या माणसानें पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे.

मुंबईच्या जुन्या माणसांना 'बाल्या' हा शब्द समजावून सांगावयास नको. दापोली, खेड, मंडणगड, गुहागर या बाजूचा कुणबी गडी पोटासाठीं मुंबईस जाई. कोणाच्या घरीं भांडीं घाशी, पाणी भरी, नाहीं तर गिरणींत आणि गोदींत काम करी. त्याच्या कानांत बाळी असे, आणि त्या बाळीवरूनच शहरानें त्याला 'बाल्या' केलें, अशी या शब्दाची व्युत्पत्ति सांगतात. घरगड्याला 'रामा' म्हणण्याची चाल होतीच. आईबापांनीं बारशाला हौसेनें ठेवलेलें नांव गांवींच राहिलें. गणपतीच्या दिवसांत हीच मंडळी पायांत चाळ बांधून, फेर धरून जाखडी नाचत. तिलाहि 'बाल्या नाच' हें नांव पडलें. त्या शब्दांत थोडी मौज होती आणि बरीचशी हेटाळणी होती. बाल्या म्हणजे भोळा, खेडवळ, बायकांसारखे दागिने घालणारा आणि म्हणूनच खुशाल हुकूम करावा असा माणूस.

गांवीं मात्र त्या बाळींत बायकी असें कोणालाच कांहीं दिसत नसे. तान्ह्या मुलाचे कान टोचावयाचे, मग तो मुलगा असो कीं मुलगी. कर्णवेध हा शास्त्रांतलाहि संस्कार आहे. सोनारानेंच कान टोचावे लागतात ही म्हण आपण हल्लीं उपदेशापुरती वापरतों, पण तिचा उगम घरोघरच्या रडारडींत आहे. मोठ्या माणसाच्या कानांतलें सोनें अडीनडीला मोडतां येई, हा आणखी एक व्यवहार. शिमग्यांत सकाळीं ग्रामदेवतेची पालखी खांद्यावर घेऊन नाचविणारा धट्टाकट्टा गडी रात्रीं लुगडें नेसून नमनांतली गौळण होई, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां औत धरी. त्याच्या पौरुषाविषयीं शंका घेण्याचें वाडींत कोणाच्या मनांत आल्याचें मला आठवत नाहीं.

आतां दुसरा कान पाहूं. पेशवाईंतल्या सरदार-दरकदारांचीं चित्रें आपण पाहिलीं आहेत. उजव्या कानाच्या वरच्या भागांत मोत्यांची भिकबाळी, पाळींत चार मोत्यांचा चौकडा. भिकबाळी हें नांव भिक्षा मागून मिळविलेल्या पैशांनीं मुलासाठीं केलेल्या नवसाच्या बाळीवरून पडलें असें सांगतात. पण ती ज्यांच्या कानांत गेली त्यांना भिकारी म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. शिवाजी महाराजांच्या जुन्या चित्रांतहि कानांत मोतीं आहे. जहांगीर बादशहा १६१४ सालीं दुखण्यांतून उठला तेव्हां अजमीरच्या ख्वाजांविषयींच्या श्रद्धेनें त्यानें आपले कान टोचून मोतीं घातलीं, आणि पाठोपाठ दरबाऱ्यांनींहि आपले कान पुढें केले. विलायतेचा राजा पहिला चार्ल्स हाहि कानांत मोतीं घालणारा. १६४९ सालीं त्याचा शिरच्छेद झाला, त्या दिवशींहि तें त्याच्या कानांत होतें असें म्हणतात. यांपैकीं कोणालाहि बायकी म्हटलें गेलें नाहीं. म्हणजे दागिना तोच, जागा जवळजवळ तीच. कान कोणाचा आहे यावरून त्याचें नांव ठरत होतें.

मग आमच्या शिकलेल्या माणसाच्या कानांतून तो गेला केव्हां? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पदवीधरांचीं छायाचित्रें काढून पाहावीं. डोक्यावर पगडी आहे, खांद्यावर उपरणें आहे, परंतु कान बहुधा मोकळे आहेत. याचें कारण शोधावयास युरोपांत जावें लागतें. चौदाव्या लुईचें १७०१ सालीं रिगो या चित्रकारानें काढलेलें चित्र प्रसिद्ध आहे. कुरळ्या केंसांचा भला मोठा टोप, रेशमी पायमोजे आणि लाल टांचांचे उंच जोडे असा त्या सार्वभौम राजाचा थाट आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मात्र तिकडच्या पुरुषांनीं रंग, रेशीम, टोप, टांचा हें सगळें बायकांच्या हवालीं केलें आणि स्वतः काळा-करडा कोट पत्करला. फ्लुगेल नांवाच्या मानसशास्त्रज्ञानें १९३० सालीं या घटनेस पुरुषांचा 'महान् त्याग' असें नांव दिलें. नटण्याचा नुकताच त्याग केलेला हा पुरुष आमच्यावर राज्य करावयास आला. त्याला आमचे दागिने बायकी दिसले, आणि त्याच्या शाळेंत शिकलेल्या आमच्या मुलांनाहि ते तसे दिसूं लागले. त्याच्या आजोबांच्या टांचा मात्र आम्हांला कोणीं दाखविल्या नाहींत.

शिकवणूक एकाच बाजूनें झाली असेंहि नाहीं. इंग्रज अधिकारी प्रथम आले तेव्हां त्यांचे ओंठ तुळतुळीत होते. इकडच्या शिपायाला बिनमिशीचा पुरुष म्हणजे पोर, नाहीं तर आईबापांचें सुतक पाळणारा. कारण आपल्यांत मिशी उतरवावयाची ती बाप गेल्यावर. हिंदुस्थानांत राहून साहेबानेंहि मिशी राखली, आणि पुढें ब्रिटिश फौजेंत वरचा ओंठ न भादरण्याचा नियमच झाला. तो १९१६ सालापर्यंत टिकला. मिशी येथून तिकडे गेली, कान मोकळे तिकडून इकडे आले.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, ही फॅशनची देवघेव झाली, एवढ्यासाठीं व्याख्यान कशाला? पण दापोलीच्या माणसाला हा विषय इतक्या हलकेपणानें सोडतां येत नाहीं.

दापोली ही मूळची इंग्रजांची छावणी. पेशवाई गेल्यानंतर त्यांनीं या उंच, थंड माळावर लष्करी ठाणें केलें. 'कॅम्प दापोली' हें नांव जुन्या माणसांच्या तोंडीं अजून आहे. लष्कर हाललें तरी पेन्शनर शिपाई येथें वस्तीला राहिले, आणि त्यांत महार शिपाई पुष्कळ होते. ज्यानें गांवांत नवें वस्त्र घालूं नये, घातलें तर मळवून घालावें, अशी रूढीची अपेक्षा, तोच माणूस फौजेंत इस्तरीचा कोट, पितळी बटणें आणि चामड्याचे जोडे घालून ताठ उभा राही. त्या कोटाला गांवांत किंमत किती द्यावी लागे याची कल्पना आपण करावी. गोपाळ बाबा वलंगकर हे असेच एक फौजी पेन्शनर दापोलींत राहत. १८९० च्या सुमारास त्यांनीं अनार्यदोषपरिहारक मंडळी स्थापून अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलली. नेमक्या त्याच सुमारास इंग्रजांच्या डोक्यांत 'लढाऊ जातीं'ची कल्पना शिरली होती. पठाण, शीख, गुरखा हे तेवढे मर्द. मद्रासी, बंगाली, महार हे नव्हत. कोरेगांवच्या स्तंभावर ज्यांचीं नांवें कोरलीं गेलीं त्यांच्या नातवंडांना १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत फौजेचे दरवाजे बंद झाले. वलंगकरांनीं भरती पुन्हां सुरू व्हावी म्हणून अर्ज तयार केला, त्याचा उपयोग झाला नाहीं. १९१७ सालीं युद्धाची गरज पडली तेव्हां १११ वी महार पलटण उभी राहिली. गरज सरतांच १९२१ सालीं मोडली. आजची महार रेजिमेंट १९४१ सालीं बेळगांवीं उभी राहिली. पुरुषार्थाची मोजदाद इतकी सोयीप्रमाणें बदलतां येते.

सुभेदार रामजी सकपाळ १८९४ सालीं निवृत्त झाले आणि कांहीं काळ सहकुटुंब याच कॅम्पांत राहिले. त्यांचा धाकटा मुलगा तेव्हां अगदीं लहान होता. पुढें त्याच मुलाला, डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांना, जगानें सुटांत पाहिलें आणि कांहींजणांनीं त्यावरून नाकें मुरडलीं. महात्माजींनीं १९२१ च्या सप्टेंबरांत मदुरेस पंचा पत्करला, तेव्हां बाबासाहेबांनीं साहेबी पोशाख कां करावा, असा प्रश्न पुष्कळांनीं केला आहे. मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. ज्याला कोट घालण्यास कोणी मना केलें नव्हतें त्यानें तो उतरविला, यांत त्याचें मोठेपण होतें. ज्याच्या बापजाद्यांना तो घालण्यास मनाई होती त्यानें तो नीट बटणें लावून घातला, यांतहि तितकेंच मोठेपण होतें. १९२७ च्या डिसेंबरांत महाडास बाबासाहेबांनीं स्त्रियांनाहि सांगितलें कीं, जातीची खूण सांगणारी लुगड्याची पद्धत आणि ओबडधोबड दागिने सोडा. महाड आमच्यापासून फार लांब नाहीं.

असें इतरत्रहि झालें आहे. स्कॉटलंडच्या डोंगराळ लोकांचा घोळदार घागरा इंग्रजांनीं १७४६ च्या कायद्यानें बंद केला तो बायकी म्हणून नव्हे, तर तो नेसणारे फार लढाऊ म्हणून. ३६ वर्षांनीं, १७८२ सालीं, ती बंदी उठली. इकडे २०१४ सालीं चेन्नईच्या एका क्लबानें उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना वेष्टी नेसली म्हणून दारांत अडविलें. त्याच वर्षीं तामिळनाडूच्या विधिमंडळानें त्याविरुद्ध कायदा केला. घागऱ्याला कायदा, धोतरालाहि कायदा!

आतां शाळेची एक गोष्ट सांगतों. शाळेचें नांव घेत नाहीं. माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षीं आठवींतला एक मुलगा मे महिन्याच्या सुटींत मुंबईस भावाकडे जाऊन आला, तो कानांत लहानशी बाळी घालूनच. एका शिक्षकांनीं त्याला भर वर्गांत उभें केलें आणि उद्यां बांगड्याहि भरून ये, असें सांगितलें. वर्ग हंसला. मुलगा चार दिवस आला नाहीं. पांचव्या दिवशीं त्याचा आजा त्याला घेऊन आला. मी त्या खोलींत हजेरीपट भरीत होतों. म्हाताऱ्याच्या दोन्ही पाळ्यांना लांबट भोंकें होतीं, तूरडाळीचा दाणा मावेल एवढीं. त्याच्या बोलीचा गोडवा मला येथें आणतां येत नाहीं, पण तो म्हणाला तें असें: "गुरुजी, माझ्या कानांत होती. मुंबईला ज्या बिऱ्हाडीं राहिलों तेथल्या पोरांनीं बाल्या-बाल्या करून इतकें पिडलें कीं मी ती काढून मोडली. आतां यानें मुंबईहूनच परत आणली, तर तुम्ही याला बाई म्हणतां. आम्ही घालावी केव्हां तें एकदां सांगा." कोणालाच उत्तर सुचलें नाहीं. मुख्याध्यापकांनीं चहा मागविला. मुलगा त्या दिवसापासून नियमानें शाळेंत आला, पण त्याच्या कानांत बाळी नव्हती, आणि त्या शिक्षकांच्या तासाला तो शेवटच्या बाकावर खिडकीबाहेर पाहत बसे. तो अभ्यासांत बरा होता. पुढें त्या विषयांत मात्र त्याची गति राहिली नाहीं.

त्याच वर्षीं पुण्याच्या गणपतीच्या मिरवणुकीचीं चित्रें वर्तमानपत्रांत आलीं होतीं. ढोल-ताशांच्या पथकांतले तरुण फेटे बांधून, कानांत भिकबाळी घालून उभे होते. कांहीं मुलींनींहि फेटा आणि भिकबाळी घातली होती. आमच्या शिक्षकांच्या खोलींत तीं चित्रें कौतुकानें फिरलीं. संस्कृति जपली, असें म्हणणाऱ्यांत ते शिक्षकहि होते.

शाळेला पोशाखाचा नियम नसावा असें मी म्हणत नाहीं. मी चाळीसेक वर्षें मुलांत काढलीं आहेत, आणि बटणें न लावलेला सदरा मला अजूनहि खुपतो. कबड्डीच्या मैदानावर कानांत कांहीं अडकलें तर पाळी फाटते, तेव्हां खेळाच्या तासाला बाळी काढून ठेवावी, आणि तें मुलगा-मुलगी दोघांनाहि सारखेंच लागू असावें. सोनें हरवतें, म्हणून तें घरीं ठेवा, असेंहि सांगावें. असे नियम मुलाला समजतात, कारण त्यांचें कारण सांगतां येतें. परंतु बांगड्या भर, बायल्या आहेस, हीं वाक्यें कोणत्या नियमांत बसतात तें मला कळलेलें नाहीं. आणि मुलाच्या बरोबरीनें तीं वर्गांतल्या मुलींनाहि ऐकूं जातात, ज्यांच्या हातांत त्या वेळीं बांगड्या असतात.