रस्ता कडेने जपावा



 भारतीय रस्त्यांच्या इतिहासाशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली 1927 मध्ये समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींतून 1929 मध्ये केंद्रीय रस्ते निधी आणि 1934 मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. 1943 मध्ये देशभरचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि राष्ट्रीय महामार्गापासून गावरस्त्यापर्यंतची प्रतवारी त्यांनी आखून दिली. गावे रस्त्याला जोडायची, हा त्या पिढीचा प्रश्न होता. त्या रस्त्यावरून माणूस सुखरूप घरी पोहोचावा, हा राज्यभरातून या परिषदेला आलेल्या आपणा अभियंत्यांचा आहे.

2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे दगावली. त्यांतली दोन तृतीयांश किंवा त्याहून थोडी अधिक ग्रामीण भागात. मृतांमध्ये दुचाकीवरचे सुमारे 44 टक्के आणि पायी चालणारे सुमारे 19 टक्के होते. दुपदरी महामार्गावर ही माणसे कडेने जातात. आणि आपला डांबरी रस्ताही आधी कडेलाच तुटतो. मला आज एवढेच सांगायचे आहे की रस्त्याच्या आयुष्याचा आणि त्यावरून जाणाऱ्यांच्या जिवाचा निकाल डांबराच्या काठावरच्या दीड-दोन मीटरांत लागतो, आणि आपल्या अंदाजपत्रकात सर्वांत कमी विचार असतो तो तिथलाच.

काळ्या मातीच्या पट्ट्यात काम केलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. पावसात ही माती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. रस्त्याच्या मध्याखाली ओल बरीचशी स्थिर राहते. कडेखाली मात्र दर ऋतूला बदलते. म्हणून लांबच्या लांब भेग कडेलगत पडते, तिच्यातून पाणी मुरते आणि खालचा मुरूम-खडीचा थर मऊ होतो. मग गळीत हंगाम सुरू होतो. दोन ट्रॉल्या ओढणारा ऊसवाला ट्रॅक्टर समोरून एसटी आली की डावी चाके साईडपट्टीवर उतरवतो, आणि बाजूने आधार नसलेली डांबराची कड ढासळते. जड आसाचे नुकसान भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. भार दीडपट झाला, तर झीज पाचपट. हे गणित आपण सगळे शिकलो आहोत. कडेला ते सर्वांत आधी वसूल होते.

त्यावर आपण काय करतो? नवा थर टाकतो. थर 5 सेंटिमीटरचा धरला, तरी तीन नूतनीकरणांत डांबर साईडपट्टीपेक्षा 15 सेंटिमीटर उंच होते. मुरूम भरायची बाब निविदेत असते, पण ती शेवटची असते, आणि बहुतेक वेळा पावसाळा तिच्या आधी येतो. रात्री समोरच्या झोताने डोळे दिपलेला मोटारसायकलवाला त्या पायरीवरून खाली जातो, परत वर यायला हँडल वळवतो आणि आडवा होतो. पोलिसांच्या कागदावर कारण लिहिले जाते: वाहनावरील ताबा सुटला.

गुळगुळीत डांबराने वेग वाढतो, हेही विसरू नये. खड्ड्यांमुळे 50 च्या वेगाने जाणारी गाडी कार्पेट झाल्यावर 80 ने जाते. आपल्याच मानकांनुसार थांबण्यासाठी लागणारे दृष्टी-अंतर 60 मीटरवरून 120 मीटर होते. वळण मात्र तेच, झुडपे तीच, पाणंदीतून महामार्गावर येणारी चिखलाची चाकेही तीच. रस्ता सुधारला, धोका वाढला, असे म्हणायची वेळ आपणच आणतो.

म्हणून या परिषदेने काही गोष्टी ठरवून घ्याव्यात. पहिली: गटार आणि मोऱ्या आधी, डांबर नंतर. दुसरी: थरावर थर चढवण्याऐवजी शक्य तिथे जुना थर खरवडून काढावा आणि साईडपट्टी त्याच आठवड्यात समपातळीला आणावी, तोवर देयक पुढे सरकू नये. तिसरी: ऊसपट्ट्यात आणि गावालगत साईडपट्टी पक्की करावी. कडेला आधार मिळतो, सायकलवाल्याला आणि शाळकरी मुलांना जागा मिळते. एकाच खर्चात दोन्ही कामे होतात. चौथी: प्रत्येक पाणंदीचे तोंड थोड्या अंतरापर्यंत पक्के करावे, कडेची पांढरी रेषा आणि वळणावरचे फलक डांबराबरोबरच पूर्ण व्हावेत. पाचवी: गतिरोधक गावकऱ्यांच्या संतापाच्या मापाने नव्हे, 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच या मापानेच घालावा.

पूर्वी ठरावीक मैलांवर एक मैलकुली असे. पावसाळ्याआधी तो चर मोकळे करी, गवताचा बांध फोडी, पाण्याला वाट देई. ते पद आज बऱ्याच ठिकाणी रिकामे आहे आणि त्याची जागा कोणत्याही यंत्राने घेतलेली नाही. देखभालीच्या करारांत हे काम नावानिशी, किलोमीटरनिशी लिहिले गेले पाहिजे.

2019 च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यातील कलम 198-अ सदोष रस्त्याबद्दल आखणी करणारा, बांधणारा आणि देखभाल करणारा या सर्वांना जबाबदार धरते. दंड एक लाखापर्यंत आहे. दंडाच्या धास्तीने रस्ते सुधारणार नाहीत. पण कायद्याने आता केवळ चालकाकडे बोट दाखवायची आपली सवय मोडली, हे बरे झाले.

डांबराचे उद्घाटन होते, गटाराचे होत नाही. लोकप्रतिनिधींना त्यासाठी दोष देण्याआधी आपल्या टेबलावरचे पुढचे अंदाजपत्रक उघडू या. त्यात साईडपट्टी, गटार आणि सुरक्षा लेखापरीक्षण यांच्या बाबी नसतील, तर ते मंजुरीसाठी पाठवायचे नाही, एवढा ठराव आज या सभागृहाने एकमताने करावा, अशी विनंती करून मी माझे भाषण संपवतो.