हिमवर्षावातील फुटबॉल

फुटबॉल म्हटले की गोव्यातील किंवा हैदराबादेतील माणसाच्या डोळ्यांपुढे पायाने खेळावयाचा गोल चेंडू उभा राहतो. आजचा विषय त्या फुटबॉलचा नव्हे. अमेरिकेतील महाविद्यालयांत त्याच नावाने जो खेळ खेळतात, त्यात चेंडू दोन्ही टोकांस निमुळता असतो, आणि तो बहुतेक वेळ हातात घेऊन पळावयाचा किंवा सहकाऱ्याकडे फेकावयाचा असतो. प्रत्येक बाजूस अकरा खेळाडू, आणि दोन गोलरेषांमध्ये १०० यार्डांचे अंतर. चेंडू ज्या संघाकडे असेल त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. ते साधले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. साधण्याची आशा नसेल, तर चेंडू हातातून सोडून लाथेने दूर उडवून प्रतिपक्षाच्या स्वाधीन करावयाचा. ह्या लाथेला ‘पंट’ म्हणतात. चेंडू घेऊन प्रतिपक्षाची गोलरेषा ओलांडली की सहा गुण, त्यानंतरच्या लाथेचा एक, आणि मैदानातून लाथेने चेंडू खांबांमधून धाडला तर तीन. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील हकीगत समजण्यास अडचण पडू नये.

हा खेळ ऑगस्टच्या अखेरीच्या उकाड्यात सुरू होतो आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंडीत संपतो. म्हणजे एकाच हंगामात खेळाडूंना ग्रीष्म आणि शिशिर असे दोन्ही ऋतू सोसावे लागतात. ओहायो, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया ह्या उत्तरेकडील राज्यांत हंगामाच्या शेवटी मैदानावर बर्फ पडणे ही नवलाची गोष्ट नाही. साहजिकच तेथे एक समजूत रूढ झाली आहे: उत्तरेचा संघ थंडीत कणखर आणि दक्षिणेचा थंडीत लेचापेचा. ही समजूत कितपत खरी आहे?

प्रथम चेंडूचाच विचार करू. नियमाप्रमाणे चेंडूतील हवेचा दाब दर चौरस इंचास साडेबारा ते साडेतेरा पौंड असावा लागतो. उबदार खोलीत, २१ अंश सेल्सिअसला, भरलेला चेंडू शून्याखाली ७ अंशांच्या मैदानावर आणला, तर पदार्थविज्ञानाच्या साध्या नियमाने तो दाब सुमारे एक पंचमांशाने उतरतो. हवा मात्र तेवढ्याच फरकाने जवळजवळ एक दशांश अधिक दाट होते. चेंडू मऊ आणि हवा दाट, म्हणून लाथ तीच असली तरी मजल कमी पडते. त्यात कातडे ओले झाले की चेंडू निसटू लागतो.

खेळाडूच्या शरीराचेही तसेच आहे. थंडीत बोटांतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, मज्जातंतूंतून संदेश हळू जातात आणि स्नायूंची हालचाल मंदावते. ज्याचे सारे कौशल्य बोटांच्या टोकांवर आहे, त्या फेकणाऱ्याला आणि झेलणाऱ्याला ह्याची झळ सर्वांत आधी लागते. धावणाऱ्याचे अंग निदान गरम राहते. बाकावर बसून बोलावण्याची वाट पाहणारा विद्यार्थी मात्र गारठतो, आणि ऐनवेळी मैदानात उतरला की त्याचाच स्नायू दुखावण्याचा संभव अधिक. थंडीत तहान फारशी जाणवत नाही, परंतु जाड कपड्यांच्या आत घाम चालूच असतो, हेही पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

आता एका प्रसिद्ध सामन्याकडे वळू. २५ नोव्हेंबर १९५० रोजी ओहायो राज्यातील कोलंबस शहरी ओहायो स्टेट आणि मिशिगन ह्या दोन विद्यापीठांची गाठ पडली. दोन्ही उत्तरेचीच, आणि दोहोंचे वैर जुने. त्या दिवशी पूर्व अमेरिकेवर भयंकर वादळ कोसळले होते. उष्णतामान शून्याखाली सुमारे १२ अंश, मैदानावर सतत पडणारे हिम, आणि वारा ताशी चाळीस किलोमीटरांहून अधिक वेगाचा. सामना रद्द करावा की काय, असाही विचार झाला. परंतु अखेर तो खेळविण्यात आला, आणि पन्नास हजार लोक पाहावयास आले.

अशा वेळी दोन्ही संघांनी चेंडू जवळ बाळगण्यापेक्षा तो दुसऱ्याच्या गळ्यात घालणे अधिक सुरक्षित मानले. ओला चेंडू आपल्याच गोलरेषेजवळ हातून सुटला तर सर्वनाश; म्हणून चार प्रयत्नांची वाट न पाहता पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नालाच पंट मारून तो दूर धाडावयाचा आणि प्रतिपक्षाच्या चुकीची वाट पाहावयाची. मिशिगनच्या चक ऑर्टमनने त्या दिवशी २४ पंट मारले, तर ओहायो स्टेटच्या विक यानोविक्झने २१. ह्या यानोविक्झला त्या वर्षीचे हाइझमन पारितोषिक, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूचा सर्वोच्च मान, मिळाला. त्याने त्या वादळातही लाथेने चेंडू खांबांमधून धाडून आपल्या संघाला तीन गुण मिळवून दिले.

पुढे ओहायो स्टेटचा एक पंट अडविला गेला आणि मिशिगनला दोन गुण मिळाले. खेळाचा पूर्वार्ध संपण्यास ४७ सेकंद उरले असता ओहायो स्टेटचा चेंडू स्वतःच्या गोलरेषेजवळ होता. आणखी एकदा साधी धाव घेऊन वेळ काढता आला असता. परंतु प्रशिक्षक वेस फेस्लर ह्यांच्या संघाने तिसऱ्याच प्रयत्नाला पंट मारण्याचे ठरविले. मिशिगनच्या टोनी मॉमसेनने तो पंट अडविला आणि गोलरेषेपलीकडे चेंडूवर झडप घातली. सहा गुण, आणि वरच्या लाथेचा एक. पूर्वार्धाअखेर ९ विरुद्ध ३ असे गुण झाले, आणि उत्तरार्धात कोणालाच गुण न मिळाल्याने सामना तेवढ्यावरच संपला.

ह्या विजयाचा हिशेब वाचून आजही आश्चर्य वाटते. मिशिगनने नऊ वेळा चेंडू फेकला. एकही झेलला गेला नाही. दहा यार्डांची मजल साऱ्या सामन्यात त्यांना एकदाही गाठता आली नाही. त्यांची एकूण प्रगती अवघी २७ यार्ड, तर पराभूत संघाची ४१. तरीही विजय त्यांचा झाला, आणि त्याच दिवशी इलिनॉयचा संघ अन्यत्र हरल्यामुळे बिग टेन ह्या विद्यापीठसंघाचे अजिंक्यपदही मिशिगनला मिळाले. १ जानेवारी १९५१ रोजी कॅलिफोर्नियाच्या उन्हात त्यांनी रोज बोलचा सामनाही १४-६ असा जिंकला. इकडे फेस्लर ह्यांनी वर्ष संपण्यापूर्वीच पद सोडले. त्यांच्या जागी आलेले वुडी हेज १९७८ पर्यंत तेथे राहिले.

हिमात गुण मिळतच नाहीत, असा निष्कर्ष ह्यावरून कोणी काढील, तर त्याने दुसरे उदाहरण पाहावे. ३१ डिसेंबर २००० रोजी लुइझियाना राज्यातील श्रीव्हपोर्ट येथे मिसिसिपी स्टेट आणि टेक्सास ए अँड एम हे दोन्ही दक्षिणेचे संघ समोरासमोर आले, आणि त्या उबदार मुलखात अचानक हिम पडू लागले. खेळाडूंना बर्फाची सवय नव्हती. तरीही गुण झाले ४३ विरुद्ध ४१, तेही जादा वेळेत! टेक्सासच्या जामार टूम्ब्स ह्या धिप्पाड गड्याने धावून १९३ यार्ड काढले. परंतु त्याच्या संघाची एक गुणाची लाथ जादा वेळेत अडविली गेली, प्रतिपक्षाने तोच चेंडू पळवून दोन गुण कमावले आणि पुढे सामनाही जिंकला. कोलंबसच्या वादळाची उग्रता तेथे नव्हती, हे एक कारण. दुसरे असे की, निसरड्या जमिनीवर कोणत्या बाजूस वळावयाचे हे धावणाऱ्याला आधी ठाऊक असते. अडविणाऱ्याला ते पाहून मग वळावे लागते, आणि तेथेच त्याचा पाय घसरतो. हिम नुसते पडले तर धावणारा निभावून नेतो. फेकणाऱ्याचा खरा वैरी हिमापेक्षा वारा आहे.

उत्तर-दक्षिणेचा वाद अलीकडे पुन्हा रंगला. २०२४ च्या हंगामात राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धेत चाराऐवजी बारा संघ घेण्यात आले आणि पहिल्या फेरीचे सामने डिसेंबरात यजमान विद्यापीठांच्या मैदानांवर झाले. कोलंबसच्या कडाक्याच्या थंडीत ओहायो स्टेटने दक्षिणेच्या टेनेसीला ४२-१७ असे हरविले. पेन स्टेटने टेक्सासहून आलेल्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाला ३८-१० असे नमविले. थंडीने दक्षिणेचा पाडाव केला, असे पुष्कळांना वाटले. परंतु त्याच फेरीत नोत्र दामने इंडियानाला २७-१७ असे हरविले, आणि ते दोन्ही संघ एकाच थंड राज्यातले. टेक्सासने तर आपल्या उबदार ऑस्टिन शहरात क्लेमसनला ३८-२४ असे जिंकले. चारही ठिकाणी जिंकला तो यजमान. मग श्रेय थंडीला द्यावे, की घरच्या मैदानाला आणि संघाच्या बळाला? पुढे २० जानेवारी २०२५ रोजी अंतिम सामन्यात ओहायो स्टेटने नोत्र दामला ३४-२३ असे हरविले. दोन्ही संघ उत्तरेचे. पण तो सामना झाला दक्षिणेतील अटलांटा शहरी, छपराखाली!

उत्तरेचे संघ म्हणजे सगळी उत्तरेचीच मुले, असेही नाही. तेथील विद्यापीठे फ्लोरिडा आणि टेक्सास येथून उत्तम खेळाडू निवडून नेतात, आणि कडक थंडीत पुष्कळदा बंदिस्त सभागृहातच सराव करतात. थंडी सोसण्याची शक्ती जन्मगावावरून मिळत नाही. सवयीने आणि तयारीने मिळते. बुटांच्या तळाचे खिळे कसे असावेत, ओला चेंडू कसा धरावा, फेक केव्हा टाळावी, बाकावरच्या मुलांना ऊब कशी द्यावी, ह्या गोष्टी शिकता येतात, शिकविता येतात.

शेवटी एक गोष्ट विसरता कामा नये. हे खेळाडू म्हणजे बहुतांशी अठरा ते बावीस वर्षांचे विद्यार्थी. आसपास वीज पडली तर खेळ थांबवून शेवटच्या विजेनंतर निदान अर्धा तास वाट पाहण्याचा दंडक तेथे आहे. हिमासाठी मात्र खेळ क्वचितच थांबतो. म्हणून बोटे बधिर झालेल्या मुलाला वेळीच आत बोलावण्याचे काम वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांनाच करावे लागते. धैर्याचे कौतुक जरूर व्हावे; परंतु बधिरपणाला धैर्य समजण्याची चूक होऊ नये.

आपल्याकडे पावसाने भिजलेल्या खेळपट्टीवर नामांकित फलंदाज शून्यावर बाद होतो आणि एखादा साधा खेळाडू बॅट सरळ धरून तास न् तास टिकतो. हिमाचाही न्याय असाच आहे. ते ना उत्तरेचे, ना दक्षिणेचे. कालपर्यंत ज्या कौशल्याला मोल होते त्याचे मोल ते एका रात्रीत उतरविते, आणि ज्याला कोणी विचारीत नव्हते त्याचे चढविते. हा बदललेला भाव ज्याने आधी ओळखला, तो २७ यार्डांतही जिंकतो.