पेल्यातली संजीवनी
(हीरक महोत्सवी समारंभातील भाषण)



हीरक महोत्सव हा जसा आनंदाचा, तसाच हिशेबाचाही प्रसंग असतो. विद्येच्या घराने आपला हिशेब मांडताना एका वैद्याने मांडलेला हिशेब आठवणे उचित ठरेल. ते वैद्य म्हणजे कोलकात्याचे डॉ. दिलीप महालनोबिस आणि ते वर्ष १९७१.

त्या वर्षी पूर्व पाकिस्तानातील अत्याचारांना कंटाळून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. सीमेवरील छावण्यांत माणसे दाटीवाटीने राहू लागली आणि पाठोपाठ पटकीची साथ पसरली. कोलकात्यातील जॉन्स हॉपकिन्स संशोधन केंद्रात काम करणारे डॉ. महालनोबिस जूनमध्ये बनगावच्या रुग्णालयात दाखल झाले. तेथील दोन खोल्या रुग्णांनी ओसंडत होत्या. बहुतेक जण जमिनीवरच पडलेले. शिरेतून सलाईन देण्यासाठी डॉक्टरांना मलमूत्र व वांत्यांतच गुडघे टेकावे लागत. ही लढाई आपण हरत आहोत, हे त्यांना अठ्ठेचाळीस तासांतच उमगले. सलाईनचा साठा तुटपुंजा होता आणि ते देण्याचे शिक्षण घेतलेले सहकारी अवघे दोन होते.

पटकीत शरीरातील पाणी व क्षार झपाट्याने निघून जातात आणि त्यामुळेच मृत्यू ओढवतो. मात्र सोबत ग्लुकोज असेल, तर आजारी आतडेही मीठ व पाणी शोषून घेते, हे तोवर प्रयोगांनी सिद्ध झाले होते. पण ते प्रयोग तज्ज्ञांच्या देखरेखीखाली झाले होते. छावणीच्या गोंधळात, अशिक्षित नातलगांच्या हातून हा उपाय साधेल का, याची शाश्वती नव्हती. फसला असता, तर त्याचे उत्तरदायित्व त्यांच्यावरच आले असते. मनात शंका असतानाही त्यांनी निर्णय घेतला.

एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा, एवढेच ते औषध. कोलकात्यात त्याच्या पुड्या बांधल्या गेल्या. लोकांचा सलाईनवर विश्वास होता. म्हणून त्याला नावही ‘तोंडाने घ्यायचे सलाईन’ असे दिले. आई, बाप, भाऊ, बहीण आपापल्या माणसाला पेल्या-पेल्याने ते पाजू लागले. कृतीची पत्रके सीमेवर वाटली गेली. गुप्त बांगलादेशी नभोवाणीवरूनही ती सांगितली गेली.

आठ आठवड्यांत सुमारे ३,७०० रुग्णांवर उपचार झाले. आधी शंभरातील तीसजण दगावत. आता ते प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. डॉ. महालनोबिस यांनी बरे झालेल्यांबरोबर दगावलेल्यांचीही मोजदाद ठेवली आणि १९७३ मध्ये हा अनुभव जगापुढे मांडला. त्या नोंदींमुळेच एका छावणीतील धडपड साऱ्या जगाच्या उपयोगी पडली. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने या उपायाची गणना शतकातील संभाव्य सर्वश्रेष्ठ वैद्यकीय प्रगतीत केली. महाराष्ट्रातील घराघरांत आज जी ‘जलसंजीवनी’ म्हणून ओळखली जाते, ती हीच. ऑक्टोबर २०२२ मध्ये डॉक्टर कोलकात्यात निवर्तले. पद्मविभूषण २०२३ मध्ये, मरणोत्तर आले.

या हिशेबात शाळांसाठी आणि पालकांसाठी मोलाचा बोध आहे. औषधाचे शास्त्र आधीच ठाऊक होते. अडले होते ते ज्ञान तज्ज्ञांच्या हातून आईच्या हाती जाण्यापाशी. ती वाट मोकळी झाली ती सोप्या शब्दांनी आणि सामान्य माणसावरील विश्वासाने. मातृभाषेतून शिकवणारी शाळा दुसरे काय करते? अवघड ते घरच्या बोलीत सांगावे, मुलाच्या हाती सोपवावे आणि त्याच्या हातून ते घडेल यावर विश्वास ठेवावा. साठ वर्षांत या प्रांगणातून बाहेर पडलेल्या प्रत्येकाने आपल्याजवळचे ज्ञान असेच एखाद्या तहानलेल्यापर्यंत पोहोचवावे. शाळेच्या जमेच्या बाजूला याहून मोठी नोंद ती कोणती असणार?