नाक घडवणारा कारागीर



'तू नक्की काय काम करतेस?' याचं उत्तर द्यायला मला पाच मिनिटं दिली आहेत. चेहऱ्याची शस्त्रक्रिया सर्जनला आधी कॉम्प्युटरवर आखता यावी, असं सॉफ्टवेअर आमची टीम बनवते. अपघातात किंवा तोंडाच्या कॅन्सरमध्ये गेलेला भाग पुन्हा घडवायचा, तर कातडी कुठून आणि किती घ्यायची, हे ते मोजतं. बिड्यांच्या गावात वाढलेल्यांना तंबाखू आणि कॅन्सरचं नातं मी सांगायला नको.

हे काम आपल्याकडे जुनंच आहे. १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा होता. टिपू सुलतानाच्या कैदेत त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराहून जास्त काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवं नाक बसवून दिलं.

पद्धत ऐका. मेणाच्या पातळ पत्र्याचं आधी नाक करायचं. ते सपाट करून कपाळावर ठेवायचं, भोवती रेघ मारायची आणि तेवढी कातडी सोडवायची. दोन डोळ्यांमधली चिंचोळी पट्टी मात्र तोडायची नाही, कारण रक्त तिच्यातूनच येतं. कातडी पिळून खाली वळवायची, नाकाच्या जागी खाचेत बसवायची. वर आपण विड्यात घालतो त्या काताच्या पट्ट्या. चार दिवसांनी तुपात भिजवलेली फडकी. साधारण पंचविसाव्या दिवशी ती पट्टी कापायची.

१७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझीन'मध्ये हे चित्रासह छापून आलं. पुढे १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू या सर्जनने लंडनमध्ये याच पद्धतीने नाक केलं. कपाळाची कातडी आजही वापरतात. उभा आकार सपाट करून मोजणं आमचं सॉफ्टवेअरही करतं. त्या कारागिराने ते मेणावर केलं.

त्या मजकुरात कावसजीचं नाव आहे. अशी शस्त्रक्रिया पाहिलेल्या इंग्रज डॉक्टरांची नावं आहेत. करणाऱ्याची फक्त जात आहे.

आमच्याकडे कोडची ओळ कोणी बदलली, ते नाव कायम नोंदलेलं राहतं. म्हणून स्मरणिकेच्या संपादकांना एक विनंती. सरांची, बाईंची नावं येतीलच. पण घंटा देणारे काका, प्रयोगशाळेतल्या नळ्या धुणाऱ्या मावशी, यांची पूर्ण नावं शाळेच्या जुन्या मस्टरवर असतील. ती शोधून छापा. मी रविवारपर्यंत सिन्नरमध्येच आहे, शोधायला येते.